सही सही नाही म्हणे!

माझ्या भाऊजींइतका स्वतःच्या सहीवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या उज्जैनात सापडायचा नाही. सही म्हणजे पेनाची नव्हे हं, डिजिटल! बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांनी तिचं प्रमाणपत्र काढलं आणि ते ज्यात असतं ते पेनड्राइव्हसारखं बोटभर टोकन चक्क जानव्याला बांधलं. त्यामुळे सही करायची म्हणजे सदरा वर करून कॉम्प्युटरपुढे ओणवं व्हायचं. बघणाऱ्याला वाटावं, मशीनची पूजा चाललीय. सोसायटीची नोटीस असो की रामघाटावरच्या गुरुजींना पाठवायची श्राद्धाच्या सामानाची यादी, डिजिटल सहीशिवाय कागद घराबाहेर जात नसे. ताई वैतागायची, "अहो, तिळाला कसली सही?"

मग भाचीचं जर्मनीत लग्न ठरलं. मुलगी अविवाहित आहे, असं वडिलांचं प्रतिज्ञापत्र तिथल्या कचेरीला हवं होतं, तेही पंधरा दिवसांत. नाहीतर लग्नाची तारीख हुकणार. भाऊजी ओणवे झाले, पाच मिनिटांत कागद रवाना! तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: सही करणाऱ्याची ओळख पटत नाही. ओळख पटत नाही? बापाची? माझं डोकंच फिरलं. इथे जी सही कोर्टात चालते, ती सरहद्द ओलांडली की अनोळखी! आमची मुलगी चालते, तिच्या पगारातला टॅक्स चालतो, बापाची सही तेवढी चालत नाही! टावर चौकातल्या कॉम्प्युटरवाल्यानं समजावलं, "बाबूजी, आपका साइन एकदम सही है. बस, दोनों देशों ने एक-दूसरे के सर्टिफिकेट माने नहीं हैं. पेन से कर दीजिए."

"म्हणजे माझी सही सही आहे, पण सही नाही?" भाऊजी कडाडले. "पेनानं करणार नाही! मुळीच नाही!"

आठ दिवस हाच हेका. शेवटी मीच चिडून म्हणालो, "पोरीच्या लग्नापेक्षा तुमचा तोरा मोठा का हो?" त्यांनी माझं पेन मागितलं. ते कागदावर टेकवताच हात असा लटपटायला लागला की मला माझ्या जिभेची लाज वाटली. मग त्यांनीच सांगितलं, रिटायर झाल्यावर त्यांच्याच बँकेनं सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत केला होता; हे त्यांनी ताईलाही सांगितलं नव्हतं. चार कागद वाया गेले. पाचवा नोटरीकडून शिक्के मारून कुरिअरनं गेला.

कचेरीनं तो निमूट मान्य केला. त्याच दिवशी, तिथे तो कागद पाहून, भाचीचा फोन आला. लग्नाचं नाव नाही, पहिलाच प्रश्न, "बाबा, हात कधीपासून कापतोय?"

"छे गं, पेनच खराब होतं," भाऊजी म्हणाले.

मी पेन गुपचूप खिशात टाकलं.