घुंगरमाळ

पोळ्याला नातू बैलांसाठी नवी घुंगरमाळ आणतो, तेव्हा मी आत जाऊन बसते.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. लेकीला ताप भरला म्हणून मी केजहून बार्शीच्या दवाखान्यापर्यंत भाड्याची बैलगाडी केली होती. गाडीवान म्हातारा होता. दुपार कलताना मांडीवरची लेक गार लागली. मी हरखून म्हणाले, "मामा, ताप उतरला!"

त्यांनी मागं वळून तिच्या कपाळाला हात लावला. मग खाली उतरून बैलांच्या माळा सोडल्या.

"कावून सोडता?"

"लई दमलंय लेकरू. निजू द्या, बाई."

मयताच्या गाडीला आमच्याकडं घुंगरं ठेवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्यांना दुवा दिला. समोरचं ऊन पाठीवर आलं, तेव्हा कळलं, गाडी केजकडं वळली होती.