छबुबाईचा गुळाचा खडा

भिंतीला नाक लावून आत काय मुरलंय ते छबुबाई सांगते, अशी सिरसाळ्यात थट्टा चालते. खुशाल करा. बारा वर्षं तिनं परगावच्या एका कंपनीत रसायनांच्या टाक्या नि खोल्या धुतल्या. हाताची कातडी तिथंच सोडून ती गावी परतली.

बाजाराजवळच्या जुन्या गोदामात वर्षानुवर्षं फवारणीच्या औषधांचे डबे फुटत होते. सरपंच मोहनरावांनी तिथं अंगणवाडी भरवायचं ठरवलं. चुना मारला, जमीन सारवली, गोमूत्र शिंपडलं. झाली म्हणे शुद्धी! तिथंच छबुबाईची नात आरोही बसणार होती. साडेतीन वर्षांची पोर, सांडलेला मुरमुराही वेचून खाणारी. छबुबाईचं डोकंच फिरलं.

"चुन्यानं इष झाकतं, जात न्हाई," तिनं ग्रामपंचायतीत सुनावलं. "गिलावा काढा. जमीन हातभर उकरा."

"मावशी, वास तरी येतोय का?" मोहनराव हसले. "पोरांच्या कामात कावून आडव्या येता?"

छबुबाईनं ऐकलं नाही. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं गोदामाच्या कोपऱ्यात गुळाचा खडा ठेवला. दुसऱ्या दिवशी फीत कापून मोहनराव आत आले, तेव्हा गुळाभोवती मुंग्या मरून पडल्या होत्या. छबुबाईनं हातमोजे चढवले, तोच खडा पानावर घेतला आणि सगळ्या बायाबापड्यांसमोर पुढं केला.

"शुभकार्य हाय, सरपंच. तोंड गोड करा."

मोहनरावांचा हात काही उठला नाही.

"तुमाला चालत न्हाई, मग आमच्या आरोहीला कावून?"

आयांनी आपापली पोरं उचलली आणि गोदाम रिकामं झालं.

मोहनरावांना गोदाम खरवडायला घ्यावंच लागलं. त्यानंतर दीड महिना छबुबाई तिथं ठाण मांडून होती. कोरडा झाडू लावणाऱ्या गड्याला तिनं फैलावर घेतलं. विषारी धूळ छातीत जाते, आधी भिंत भिजवायची. तोंडाला मास्क लावून गिलावा विटांपर्यंत खरवडला. जमीन हातभर उकरून माती झाकणबंद पिंपांत भरली आणि असला कचरा घेणाऱ्यांच्या गाडीतून गावाबाहेर धाडली. नवी फरशी बसली. तपासणीचा कागदही चांगला आला.

"आता तरी पटलं का?" मोहनरावांनी विचारलं.

"कागद तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली आणि पुन्हा गूळ ठेवला.

सकाळी मुंग्यांची रांग गुळाचे कण घेऊन उंबऱ्याबाहेर चालली होती. छबुबाईनं ती शेवटपर्यंत जाऊ दिली. मगच आरोहीचं बोट सोडलं.