उमाशंकर अप्पांचा नेम

लातूरच्या गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर उमाशंकर अप्पांचा लाकडी घाणा आहे. घाण्याच्या भिंतीवर, जिथे बाकीचे दुकानदार देवादिकांचं कॅलेंडर लावतात, तिथे अप्पांनी छर्‍यांनी चाळण झालेला एक पुठ्ठा खिळ्याला टांगलाय. नवं गिर्‍हाईक आलं की हमखास विचारतं, हे काय हो? मग अप्पा तेलाचा डबा भरता भरता हात थांबवतात आणि सांगायला लागतात. ज्याला बस गाठायची असेल त्याने हा प्रश्न विचारू नये.

नेमबाजीचा नाद अप्पांना पन्नाशी उलटल्यावर लागला, आणि तोही गोदामामुळे. औसा रोडला त्यांचं करडईचं एक जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. आरती नावाच्या एका पोरीने ते भाड्याने मागितलं. स्वतः राज्य पातळीवर खेळलेली, आता पोरांना एअर पिस्तूल शिकवायचं म्हणत होती. अप्पांनी दिलं खरं, पण भिंतींची काळजी वाटून महिन्याभराने बघायला गेले. भिंती शाबूत होत्या. उलट दहा मीटरवर टांगलेल्या कागदावरचा काळा गोल बघून अप्पांचेच पाय तिथून हलेनात.

"मारून बघता का अप्पा?" आरतीने विचारलं.

बघितलं. आरती एकच गोष्ट सारखी सांगत होती: काळ्या गोलाकडे बघू नका, पिस्तुलाच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारका खुंट, बघा. गोल धूसर दिसला तरी चालेल, माशी मात्र लख्ख दिसली पाहिजे. नव्या माणसाला हे पटत नाही. ज्याला मारायचं त्याच्याकडेच बघू नका म्हणजे काय! पण अप्पांना पहिल्याच दिवशी जमलं. जमणारच. लहानपणापासून रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्यावर नजर लावायची आणि बाकीचं घर धूसर होऊ द्यायचं, ही त्यांची पूजा. फक्त इथे हात उजवा होता.

तिथून अप्पा जे अडकले ते अडकलेच. नांदेडच्या अमरेशकडून त्यांनी परदेशी बनावटीचं एक जुनं पिस्तूल घेतलं. अमरेश एअरगन दुरुस्त करतो, आणि हातात जुनं काही चांगलं आलं की योग्य माणसाला गाठून देतो. अप्पांनी ते पिस्तूल करडई घेतात तसं घेतलं. म्हणजे आधी हातात घेऊन डोळे मिटले, मग कानाजवळ नेऊन चाप ओढला, मग चार वेळा नाही म्हणाले आणि पाचव्यांदा घेऊन आले. छर्‍यांच्या बाबतीतही तेच. डबी उघडली की स्टीलच्या ताटात छर्रे ओतायचे आणि ताट हळूच कलतं करायचं. एका वळणाने घरंगळतात ते स्पर्धेचे, वेडेवाकडे जातात ते सरावाचे. आरती हसली, पण पुढच्या महिन्यात तिच्याही पोरांच्या हातात ताटं दिसायला लागली.

एकाच बाबतीत अप्पांनी तिचं ऐकलं नाही. पिस्तुलासोबत तेलाची बोटभर बाटली आली होती, ती दिवाळीच्या सुमारास संपली. आरती म्हणाली, तसलीच दुसरी मागवा. अप्पांना ते लागलं.

"तीन पिढ्यांचा घाणा हाय माझा. अन् मी तेल इकत आणू? लोक काय म्हनतील?"

लोकांना कळलंही नसतं, पण अप्पांना कळलं असतं. त्यांनी घाण्यावरचं पहिल्या धारेचं करडईचं तेल घेतलं, दोनदा फडक्यातून गाळलं आणि झाडूच्या हिराने थेंब थेंब करत पिस्तुलाच्या सांध्यासांध्यात सोडलं. मग दर आठवड्याला सोडत गेले. देवाच्या समईलाही इतक्या मायेने कुणी तेल घातलं नसेल.

मार्चमध्ये राज्य स्पर्धा होती, मोठ्या वयाच्या गटाची. आरती म्हणत होती की अप्पा तिथे नाव काढतील. आणि त्याच हिवाळ्यात, संक्रांतीच्या आसपास, अप्पांचं बोट बिघडलं.

म्हणजे त्यांना तसं वाटलं. चाप दाबत न्यावा आणि जिथे सुटायला हवा तिथे सुटू नये. आणखी दाबावा, माशी थरथरायला लागावी, खांदा भरून यावा, आणि मग एकदम सुटून छर्रा भलतीकडेच जावा. आधी काळ्या गोलाच्या मधोमध बसणारी भोकं आता पांढर्‍यात फिरायला लागली. अप्पांनी चष्म्याचा नंबर तपासला, बूट बदलले, संध्याकाळचा भात सोडला. काही फरक पडेना. मग एक दिवस गोदामातून घरी चालत येताना त्यांच्या मनात ती गोष्ट आली, आणि आली ती गेलीच नाही.

अप्पांच्या वडिलांना, रामलिंग अप्पांना (घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत), कंपवात होता. सुरुवात उजव्या हाताच्या अंगठ्यापासून झाली होती. बसल्या बसल्या अंगठा आपोआप हलायचा, गोळी वळत असल्यासारखा. पुढे चहा सांडायला लागला, मग बटणं लावता येईनात. ज्या माणसाने घाण्याची लाट, तो जाडजूड लाकडी दांडा, एकट्याने उचलली, त्याला शेवटी लिंगावर पळीभर पाणीही घालता येत नव्हतं. उमाशंकर त्यांचा हात धरायचे, आणि बाप दुसरीकडे तोंड करून बसायचा. अप्पांना मरणाची भीती नव्हती, पण त्या तोंड फिरवून बसण्याची होती. कुणीतरी आपला हात धरून पूजा करून घेईल, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

पूजेत आता नजर लिंगावर ठरेना. ती सारखी तळहाताच्या कडेकडे जायची, हलतोय का ते बघायला. पूजा झाली की अप्पा मागच्या दाराशी जायचे आणि उजव्या हाताची बोटं फाकवून उजेडात धरून बघायचे. कधी वाटायचं हलतात, कधी वाटायचं नाही. इतकं टक लावून बघितलं तर भिंतही हलताना दिसते, पण हे त्यांना सांगणार कोण? त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं.

घरात नवरा-बायको दोघंच. गौरम्मा भालकीकडची, अजूनही अर्धी बोलणी कानडीत. चहा ओतताना ती "साकु?" विचारते, म्हणजे पुरे का? अप्पांनी पुरे म्हटल्याशिवाय तिचा हात थांबत नाही, अशी तीस वर्षांची रीत. संक्रांतीनंतर एका सकाळी तिने न विचारताच हात थांबवला. कप अर्धाच भरला होता. दुसर्‍या दिवशीही अर्धाच.

अप्पांनी कपाकडे बघितलं. या घरात अर्धा कप एकाच माणसाला मिळायचा. सासर्‍यांच्या हातून सांडू नये, त्यांना ओशाळं वाटू नये, म्हणून गौरम्मा त्यांना अर्धा कप द्यायची आणि संपला की मुकाट्याने पुन्हा अर्धा. म्हणजे हिने आपल्याला मागच्या दाराशी बघितलं होतं तर! अप्पांनी चहा पिऊन कप खाली ठेवला. गौरम्माने पुन्हा अर्धा भरला. माणसं आयुष्यभर भाजीतल्या मिठावरून भांडतात आणि असल्या वेळी नेमकी तोंडं शिवून बसतात.

गोदामात आरतीच्या लक्षात आलंच. "अप्पा, काहीतरी गडबड हाय. माझं पिस्तूल घेऊन चार छर्रे मारून बघा बरं."

"दुसर्‍याची चप्पल घालून चालत नस्तो मी," अप्पा खेकसले.

पोरगी बिचारी आपलं पिस्तूल घेऊन पोरांकडे वळली. अप्पांनाही वाईट वाटलं, कारण खरं कारण वेगळंच होतं. तिच्या पिस्तुलानेही नेम चुकला, तर मग शंकेला जागाच उरणार नव्हती. आपलं पिस्तूल हातात होतं तोवर निदान शंका तरी होती. म्हणून त्यांनी अप्पांसारख्या हट्टी माणसालाच सुचेल तो मार्ग काढला. पिस्तूल विकून टाकायचं. हातात पिस्तूलच नसेल तर हात हलतो की नाही हे कुणाला दिसणार?

घरी त्यांनी एवढंच सांगितलं, "नांदेडला जाऊन येतो. पिस्तूल इकून टाकतो. लई झाला पोरखेळ."

गौरम्मा भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला. "बरं," ती म्हणाली. अप्पांना वाटलं होतं ती का म्हणून विचारेल. तिने विचारलं नाही, आणि अहमदपूर ओलांडून लोह्यापर्यंत एस.टी.त अप्पांना तेच सलत राहिलं.

अमरेशचं दुकान वजिराबादेत एका बोळात आहे. त्याने पिस्तूल हातात घेतलं, आत छर्रा नाही याची खात्री केली, हवेची नळी काढून बाजूला ठेवली आणि नुसता चाप ओढला. मग परत ओढला. कपाळाला आठ्या पडल्या.

"अप्पा, चाप किती जड येऊन राहिला हो! तुम्ही यानं खेळून राहिले होते?"

"जड? मला वाटलं..."

अमरेशने पेच काढून बाजूचं झाकण उघडलं, वाकून बघितलं, आणि मग नाक जवळ नेऊन वास घेतला. तो तसाच वाकलेला राहिला.

"अप्पा, खरं सांगा. यात काय घातलं?"

"तेल."

"कोन्तं?"

त्या अवस्थेतही अप्पांची मान ताठ झाली. "आपलंच. करडईचं. पयल्या धारेचं, दोनदा गाळून घेतलेलं."

अमरेशने सुईच्या टोकाने आतून पिवळसर असं काहीतरी काढलं आणि चिमटीत धरून बोटं लांब केली. बोटांमध्ये तार धरली गेली. "हे तेल न्हाई र्‍हायलं. डिंक झाला याचा. स्प्रिंग, खटका, सगळं चिकटून बसलंय. थंडीत तर अजूनच."

अप्पा त्या तारेकडे बघत राहिले. करडईचं तेल वाळतं, हे अप्पांना सांगायला हवं होतं? घाण्याच्या काठावर चढलेला तेलाचा चिकटा ते रोज सकाळी खरवडून काढत होते. दाराच्या चौकटीला चकाकी हवी असेल तर करडईचं तेल लावा, वाळून कडक बसतं, हे दुकानात येणार्‍या प्रत्येकाला अप्पाच तर सांगायचे. सगळ्या गावाला सांगितलेली गोष्ट त्यांच्या स्वतःच्या कानापर्यंत तेवढी पोहोचली नव्हती.

"मग बोट?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"कोणाचं बोट?" अमरेशने वर बघितलं.

अमरेशने सगळे भाग स्पिरिटने धुतले, फडक्याने पुसले, बाटलीतल्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब लावला आणि पिस्तूल जोडून अप्पांपुढे धरलं. दुकानामागच्या लांब पडवीत त्याने कागद लावून ठेवलेला असतो.

"मारून बघा. मग इकायचं का न्हाई ते ठरवा."

आता पळायला जागा नव्हती. अप्पा पडवीत उभे राहिले. या छर्‍याला तेलाचा बहाणा चालणार नव्हता. त्यांनी हात वर केला, श्वास अर्धा सोडला. माशी दिसायला लागली, पलीकडचा गोल धूसर झाला. अप्पांनी चाप दाबायला घेतला, आणि पिकलेलं बोर देठातून सुटावं तसा तो सुटला.

कागदाच्या मधोमध भोक पडलं होतं. दुसरा छर्रा त्याला चिकटून बसला. तिसर्‍याचं वेगळं भोक शोधावं लागलं. अप्पांनी पिस्तूल जपून खाली ठेवलं, स्टुलावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. अमरेश घाबरला. पिस्तुलासाठी इतकं रडणारं गिर्‍हाईक त्याने पाहिलं नव्हतं.

"अवो अप्पा, नीट झालं की आता! रडता कशाला?"

"म्हनूनच," अप्पा म्हणाले, आणि रडता रडताच हसायला लागले.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. गौरम्मा चुलीपाशीच होती. पिशवी जड दिसली, तशी ती म्हणाली, "इकलं न्हाई?"

"न्हाई. पिस्तुलात घाण होती. आपल्याच तेलाची. डिंक झाला होता त्याचा."

गौरम्मा वळली. "म्हंजे हात..." ती बोलून गेली आणि तिथेच थांबली. इतक्या दिवसांत तो शब्द घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला होता.

"हात चांगला हाय," अप्पा म्हणाले. "पुढचं काय सांगावं? पर आज चांगला हाय. मला लई भ्या वाटलं होतं गौरम्मा. अण्णासारखं होतंय का काय, म्हनून."

"मला बी," ती म्हणाली. पदराने तोंड पुसून तिने चहाचं भांडं उचललं. कप अर्धा भरला तसा सवयीने तिचा हात थांबला.

"साकु?" तिने विचारलं.

"अजून."

तिने ओतला.

"अजून. पार काठापर्यंत."

कप इतका भरला की चहा काठावर फुगून उभा राहिला. अप्पांनी तो उजव्या हाताने उचलला. घोट घेतला नाही, बशी घेतली नाही. स्वयंपाकघराच्या उंबर्‍यावरून, माजघरातून, ओट्यापर्यंत ते पावलापावलाने चालत निघाले, नजर कपावर लावून. गौरम्मा खाली बशी धरून त्यांच्या बाजूने चालत होती. ओट्यावर पोचल्यावर अप्पा बसले आणि पहिला घोट घेतला. बशी शेवटपर्यंत कोरडी राहिली.