बाळ झोपलंय, असं आई म्हणाली

त्या दिवशी बाळ हललं नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत हलत होतं. मी आईला सांगितलं. आईने चूल विझवली आणि वडिलांना शेतातून बोलावून घेतलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी सातव्या महिन्यात आसेगावला आले होते. माझे यजमान नोकरीच्या गावी होते. वेचणीचे दिवस. वडिलांनी कापसाची गाडी रिकामी केली, तिच्यात गोधडी अंथरली आणि आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो.

नर्सबाईंनी पोटावर नळकांडं टेकवून कान लावला. जागा बदलली, पुन्हा लावला. मग माझ्याकडे न बघता त्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. उत्तर येत नसलं की पोरं कुठे बघतात, ते मला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी आईला व्हरांड्यात नेलं. ती परत आली तेव्हा तोंड धुऊन आली होती.

"बाळ झोपलं हाये म्हनते डाक्टर," ती म्हणाली. "सलाईन लावून कळा आनतात. मंग उठते थे."

बाळंतिणीला खरं कळलं तर तिचा जीव खचतो, कळ देण्याची ताकद जाते, असं आमच्याकडच्या बायका मानत. म्हणून आईने हे सांगितलं. आणि तिला तेवढा तरी आधार राहावा, म्हणून मी म्हणाले, "बरं."

हात हलू नये म्हणून लाकडी पाटी बांधून सलाईन लावलं. दुखणं कमी व्हायला काही देता येईल का, असं मी नर्सबाईंना विचारलं.

"दुखलं नाई तर होईन कसं, बाई?" त्या म्हणाल्या. आवाज मात्र कडक नव्हता.

पुढे मला दोन मुलं झाली, त्यामुळे आता फरक सांगता येतो. आपोआप आलेली कळ ओसरते, मधे श्वास घेऊ देते. त्या दिवशीच्या कळांना मधली जागाच नव्हती. नर्सबाई येऊन थेंब वाढवून जात, की एका कळेवर दुसरी चढे. समोरच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता. मी नजरेने त्याच्या कडेवरून फिरत राहिले. एका कोपऱ्यापाशी रंग खाली ओघळला होता.

"आरडू नको, माय," आई म्हणे. "आरडलं का लेकरू वर चढते." मी लुगड्याचा पदर दातांत धरला.

अडलेली बाई मोकळी व्हावी म्हणून आसपासच्या सगळ्या गाठी सोडायच्या, ही आईची रीत. तिने माझे केस मोकळे केले, गाठोडं सोडलं, स्वतःच्या कनवटीची गाठ सोडली. मग माझ्या हाताच्या पाटीची पट्टीही सोडायला घेतली.

"आवो बाई, काय करून राह्यल्या तुमी?" नर्सबाई धावत आल्या. "सुई निंगन ना थे!"

शेजारच्या खाटेवर बाळंत झालेली एक बाई पडल्या पडल्या म्हणाली, "मावशी, माहा नवरा भायेर बसला हाये. त्याच्या धोतराची बी सोडून या एकडाव!"

मला हसू आलं. त्या कळेतही आलं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. हिला काही माहीत नाही, याची तिला त्या हसण्याने खात्री पटली असावी. तिला तसं वाटलेलं मला दिसलं, आणि नंतर खरं बोलणं मला आणखीच जड झालं. मला एकच हवं होतं. बाळ झालं की एकदा त्याचा चेहरा बघायचा होता. पण तसं मागायचं, तर मला सगळं ठाऊक आहे हे आधी सांगावं लागणार होतं.

दिवस मावळायच्या आत झालं. रडणं ऐकू आलं नाही. माझ्या अंगात मान उचलण्याइतकंही बळ नव्हतं. आईने माझ्याकडे पाठ करून ते हातात घेतलं, पदराखाली झाकलं.

"पोरगा हाये," ती म्हणाली. "अकोल्याले न्या लागते, काचेत ठेवाले. तुहे बाबा घेऊन चालले."

मी "बरं" म्हणाले.

वडिलांनी त्याला आमच्या शेताच्या बांधाशी पुरलं, हे पुढे गावातून कानावर आलं. पुरताना त्रिशरण म्हटलं की नाही, मी कुणाला विचारलं नाही. दूध आलं तेव्हा आईने माझी छाती फडक्याने घट्ट बांधली, अकोल्याबद्दल काही बोलली नाही. मी विचारायची ती वाट बघत होती, आणि ती सांगायची मी. घरातल्या सगळ्यांना सगळं माहीत होतं.

अशी वर्षं गेली. वडील वारले. एकदा तुरीची डाळ निवडताना आई अचानक म्हणाली, "केस लय होते त्याचे." कुणाचे, हे सांगायची गरज नव्हती. माझे हात थांबले. तिचेही थांबले. तेवढ्यात माझी मुलगी शाळेतून आली, जेवायला मागू लागली, आणि मी उठले. परत येऊन बसले तेव्हा आई डाळ पाखडत होती.

आई गेल्या वर्षी गेली. त्याचे केस दाट होते, एवढंच मला माहीत आहे. त्याचा चेहरा पाहिलेलं आमच्यात आता कोणी नाही.