बावनथडीवरची हाक

तुलाराम उईके कार्तिकात गेला, आता माघ लागला, तरी तो घरी आला नव्हता. त्याच्या बायकोच्या, रेवताबाईच्या जिवाला हाच घोर होता. नाकाडोंगरीकडच्या त्या गोंडांच्या घरात मेलेलं माणूस कायमचं जात नसे. रक्ताच्या माणसाने बावनथडी नदीवर जायचं, त्याचं नाव घेऊन हाक मारायची आणि पाण्यातून हाताला लागेल तो जीव, मासा म्हणा, झिंगा म्हणा, तांब्यात घेऊन घरी आणायचा. रात्रभर देवाच्या कोपऱ्यात ठेवायचा, सकाळी पुन्हा नदीत सोडायचा. मग गेलेला घरचाच होतो, देवांत बसतो. रेवताबाईने सासू अशीच परत आलेली पाहिली होती, सासराही.

हाक मारायला होता एकुलता एक मुलगा हेमराज. आणि हेमराज तुमसरात साहेब होता.

साहेब म्हणजे सरकारी कचेरीतला मोठा बाबू. नोकरी लागताना उईके आडनाव कामी आलं, पण घराच्या पाटीवर काही ते मावलं नाही. तिथे नुसतं ‘हेमराज टी.’ एवढंच. सगळा दोष त्यालाही देता येत नाही. नव्या नोकरीत कुणीतरी चहा पिताना ‘कोट्यातले’ म्हणून हसलं होतं, ते हसू त्याच्या मनात रुतून बसलं. तेव्हापासून तो शेजाऱ्यांसारखं वागायला शिकला, आणि इतका तरबेज झाला की कुठला सण कसा करायचा हे शेजारीच त्याला विचारायला येत. बाप गेला तेव्हा माती द्यायची सोडून त्याने अग्नी दिला, मुंडण केलं, अस्थी रामटेकला नेऊन तळ्यात सोडल्या, तेरवीला अख्खी कॉलनी जेवू घातली. कशात काही कमी पडू दिलं नाही. फक्त बाप घरी आणायचा राहिला.

“पाहू ना माय,” विषय निघाला की तो म्हणायचा. पाहू म्हणजे नाही, हे कचेरीत खेटे घालणाऱ्या कुणालाही कळतं. रेवताबाईलाही कळत होतं.

संध्याकाळी ती ओसरीवर बसे. याच वेळी तुलाराम रानातून यायचा, खोकला आधी आणि माणूस मागून. त्या खोकल्यासाठी तिचे कान आसुसलेले असत. माणूस गेल्याचं दुःख होतंच. पण तो कुठल्या तरी परक्या पाण्यात थांबलाय आणि त्याला कुणी बोलावत नाही, याने तिचा जीव तुटायचा. आपणच जाऊन हाक मारावी असं तिला फार वाटे. पण ती बाहेरच्या घरातून आलेली, तिचं रक्त वेगळं. तिच्या हाकेने तो येणार नव्हता.

शेवटी ती एसटीत बसली आणि तुमसरला गेली. सून ज्योत्स्ना गुणाची. सासू आली म्हणून तिने बाजारातून मुद्दाम मासे आणले. ताटं वाढली, हेमराजने घास घेतला. रेवताबाईने रश्शाची वाटी हळूच बाजूला सारली.

“काहून माय? तुले त लय आवडते.”

“कोठचे होत?”

“बावनथडीचे. ताजे हायेत.”

“मंग मी नाई खात. तुहा बाप अजून पाण्यातच हाये. यातला तो कोणता असल, कोणाले मालूम?”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि तेच हेमराजला सोसवलं नाही. घास तोंडातच राहिला. त्या दुपारी त्या घरात कुणीच मासे खाल्ले नाहीत. हात धुताना तो आईकडे न बघता म्हणाला, “रविवारी येतो.”

रविवारी खरंच आला. माघात बावनथडी आटून वाळूच्या कडेकडेने वाहते. हेमराज पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, टोपली पाण्यात धरून उभा राहिला. पलीकडच्या काठावर काही माणसं ट्रॅक्टरमध्ये वाळू भरत होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “तुलाराम.”

टोपलीत नुसती वाळू आली.

“असा दबकून बोलावशील त तो कसा येल?” रेवताबाई काठावरून म्हणाली. “रामटेकवरून येऊन राहिला तो. दूर हाये, बाप्पा.”

त्याने पुन्हा हाक मारली. टोपलीत शेवाळ आलं.

“पुरा नाव घे. त्या नावाचे लय हायेत.”

हेमराज घुटमळला. पलीकडची माणसं काम थांबवून बघत होती. त्यातला ट्रॅक्टरवाला त्याच्याच कॉलनीत वाळू टाकायला येई, त्याला साहेब म्हणून नमस्कार करी. हेमराजने त्याला ओळखलं. मग डोळे मिटले.

“तुलाराम बिसन उईके!” तो ओरडला. “उईके! चाला घरी!”

एकदा गळा मोकळा झाला आणि मग थांबेना. तेरवीच्या धावपळीत जे रडू आलं नव्हतं ते आता आलं. “बाबा, चाला ना घरी,” म्हणत तो पाण्यात वाकून टोपली फिरवत राहिला. ट्रॅक्टरवाल्याने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला होता, पण ते पाहायला हेमराजला सवड नव्हती.

टोपलीत एक झिंगा तडफडला.

“हाच,” रेवताबाई म्हणाली.

“कायच्यावरून?”

“मिशा पाह्य ना त्याच्या.”

रडता रडता हेमराज हसला. घरापर्यंत तांब्या त्याने दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही.

दिवेलागणीला तांब्या देवाच्या कोपऱ्यात ठेवला. रेवताबाई जवळ बसली आणि पाण्याकडे पाहून लटक्या रागाने म्हणाली, “लय उशीर केला.” कितीतरी दिवसांनी तिच्या जिवाला थंडावा मिळाला. हेमराज भिंतीला टेकून बघत होता.

“माय,” मग तो म्हणाला, “मी गेलो त मले कोण बोलवल?”

रेवताबाईला नात आठवली. गुंजन, पुण्यात शिकणारी, हेमराजची एकुलती एक.

“गुंजनले ही नदी मालूम हाये का?” तिने विचारलं.

 हेमराजने ती लेकीला कधी दाखवलीच नव्हती.