एक हरकत यावी म्हणून

नारपोलीत शेवंताचं घर विचारलं, तर लोक उलट विचारतात, "कुठली शेवंता? इन्स्टावाली?" तीच ती. बाळांची मऊ दुपटी शिवते, फोटो टाकते, आणि तिच्या दारी कुरिअरवाला इतक्यांदा येतो की समोरच्या गुणाबाईंनी त्याच्यासाठी मुली बघायला घेतल्या आहेत.

धंद्याचं नाव 'दोन कांड्या'. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसणारं, आडव्या सुताचं बारकं रीळ. वडील लूमवर होते. शेवंता आणि धाकटी संघरत्ना, दोघींना ते 'माझ्या दोन कांड्या' म्हणायचे. मोठेपणी दुकान काढायचं आणि नाव हेच द्यायचं, असं दोघींनी आईच्या शिलाई मशीनवर हात ठेवून ठरवलं होतं.

पुढे मशीन एक आणि बहिणी दोन, असं झालं. आई गेल्यावर रत्नाने लग्नात ते मशीन मागितलं. शेवंता म्हणाली, तुला सासरी काय कमी आहे. एवढंच म्हणाली, पण भर मांडवात म्हणाली. रत्ना सुरतेला गेली ती गेलीच. फोन वाजतो, उचलत नाही. गल्लीतल्या बायका लेबल बघून मुद्दाम विचारतात, दुसरी कांडी कुठाय गं? शेवंता हसून सांगते, भरायला दिलीय. मग दिवसभर तिची शिलाई वाकडी येते.

गेल्या वर्षी कुणीतरी तिचेच फोटो उचलून 'दोन कांडी' नावाचं पान उघडलं. उचलले ते कसे, तर दुपट्यावर झोपलेल्या गुणाबाईंच्या मांजरीसकट. गुणाबाई मांजरीच्या अब्रूसाठी पेटल्या. शेवंता निजामपुऱ्यात ऋतिका वकिलांकडे गेली. त्यांनी नोटीस धाडली, पान बंद झालं. मग त्या म्हणाल्या, आता नावाचा ट्रेडमार्क करून टाका. नाहीतर उद्या दुसरा उगवेल. आणि सहज विचारलं, या नावावर आणखी कुणाचा हक्क आहे का?

"हाय ना. माझ्या बहिणीचा."

ऋतिकाताई म्हणाल्या, धंदा तुम्ही एकटीने उभा केलाय, तुमच्या एकटीच्या नावानेही अर्ज करता येईल. मात्र नाव सरकारी जर्नलमध्ये छापून येतं, आणि चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतं. बहिणीने घेतली, तर तिला लेखी कारणं द्यावी लागतील, पुरावे द्यावे लागतील, आणि वेळ पडली तर दोघींची समोरासमोर सुनावणी होईल.

समोरासमोर म्हटल्यावर शेवंता खुर्चीत पुढे सरकली. "मग माझ्या एकटीच्याच नावानं भरा," म्हणाली.

वकिलांना वाटलं, बाई पक्की धंदेवाईक आहे. त्यांना रत्ना कुठे ठाऊक होती? हरकत घेणं हा त्या पोरीचा जन्माचा छंद. भाकरीचा मोठा तुकडा कुणाला गेला इथपासून, आईच्या कुशीला भिंतीकडून कोण झोपणार इथपर्यंत. असलं नाव एकटीच्या नावावर जातंय कळल्यावर ती सुरतेहून तरातरा आली नसती, तरच नवल.

आता सरकारी जर्नल कोण वाचतो? शेवंताने हौसामावशीला गाठलं, जिचं रत्नाशी फोनवर बोलणं असतं आणि जिच्या पोटात काही राहत नाही, आणि शपथ घालून सांगितलं की ही गोष्ट कुणाला म्हणून सांगू नका. आमच्या गल्लीत नोटीस बजावायची ती अशी. दुपारची भांडी व्हायच्या आत सुरतेला बातमी पोचली होती.

शेवंता वाट बघायला लागली. कुरिअरवाला आला की न्यायच्या पार्सलांआधी त्याच्या हातात काही आणलेलं आहे का ते बघायची. आईच्या मशीनला नवा पट्टा घातला, तेल दिलं, वर धुतलेलं कापड झाकलं. गुणाबाईंनी विचारलं, मशीनचं लग्न लावतेस का? भांडण काय काय होईल ते सगळं शेवंताने मनात रचून ठेवलं होतं. रत्नाची वाक्यं रत्नापेक्षा झणझणीत. शेवटी आपण हरायचं, हेही ठरवून टाकलं होतं.

मुदत सरत आली तेव्हा हौसामावशी न बोलावता आली. इकडचं तिकडचं बोलून मग म्हणाली, रत्नीला मी सांगितलं होतं गं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, घे म्हणावं ताईला. माझी काही हरकत नाही."

त्या दिवशी शेवंताने एकही पार्सल बांधलं नाही.

पुढे रीतसर प्रमाणपत्र आलं. ऋतिकाताईंनी पेढे मागवले आणि अभिनंदन केलं, आता नाव कायद्याने पक्कं. शेवंता पेढा हातात धरून बसली होती. तिने विचारलं, म्हणजे आता कुणालाच काही म्हणता येणार नाही? तिचा चेहरा बघून वकिलांना वाटलं, बिचारी घाबरली आहे. खोटंही बोलवेना. म्हणाल्या, तसं नोंद झाल्यावरही, ज्याचा हक्क डावलला गेलाय तो नाव रद्द करा म्हणून अर्ज करू शकतो. पण ताई, तुम्ही काळजी करू नका, असं कुणी करत नाही.

शेवंताने पेढा तोंडात टाकला. उरलेले पुडीत बांधून घेतले आणि रिक्षा केली ती थेट हौसामावशीच्या दारात. पुडी तिच्या हातावर ठेवली, दार लोटून घेतलं.

"मावशी, एक सांगते. पण कुणाला सांगायचं नाही हां."

मावशीने पेढे बाजूला ठेवले आणि आधी चष्मा, मग फोन शोधायला घेतला.