राजापूरची गाडी येईपर्यंत

आपल्याला राग कितपत आवरतो हे ज्याला पाहायचं असेल, त्याने आमच्या बाईंचा एकदा सत्कार करून पाहावा. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात शिकून, तिथेच शिकवून पुढे थेट कुलगुरू झालेल्या या पहिल्या बाई. मी त्यांचा विद्यार्थी, आता तिथेच प्राध्यापक. निवृत्तीनंतर त्या लांज्याला राहायच्या. कार्यक्रमासाठी मोटार पाठवावी, तर तिच्यात थांब्यावरच्या कुणा अवघडलेल्या बाईला बसवून देत आणि स्वतः एसटीने येत. सत्काराचा नारळ थेट कॅन्टीनमध्ये धाडत. "आमटीत घाला, नुसतं पाणी असते ती!"

पदवीदानात त्यांचा थाटात सत्कार करायचा हे माझं जुनं स्वप्न. शेवटी प्राचार्यांनी होकार दिला. मी भाषण पाठ केलं, शाल स्वतः निवडली. पाहुण्यांना दुपारची रेल्वे गाठायची होती, म्हणून सगळं वेळेत उरकायचं होतं. आणि ऐनवेळी बाई सभागृहाबाहेरच्या पायरीवर बसल्या. का, तर राजापूरची एसटी आली नव्हती!

"बाई, सभागृह भरलंय!"

"मुलींनी भरलंय. त्यांच्या आया गाडीत आहेत."

प्राचार्य मला खिडकीतून खुणा करत होते. मी हात जोडले, आवाज चढवला, शेवटी "तुम्हाला कुणाच्या कष्टांची किंमतच नाही" असंही बोलून गेलो. बाई फाटकाकडेच बघत होत्या.

"माझ्या पदवीदानाला आई निघाली होती. गाडी बंद पडली वाटेत. ती पोचली तेव्हा मांडव सोडत होते. तिने नुसत्या खुर्च्या बघितल्यान रे."

मी प्राचार्यांना थांबायची खूण केली. राग मात्र गेला नव्हता.

अखेर गाडी आली. ठेवणीतल्या साड्या सावरत बायका धावत सुटल्या. एकीने धापा टाकत लेकीबद्दल विचारलं, "आमच्या चेडवाचा झाला काय वो?"

"नाय गो, तुझ्यासाठीच थांबलोत सगळी," म्हणत बाई तिचा हात धरून आत गेल्या.

पदव्या दिल्या, टाळ्या झाल्या, आणि वेळ संपला. "माझं ते वगळ," बाईंनी मंचावरून सांगितलं. माझं भाषण खिशात राहिलं. पुढे शाल घरी नेऊन दिली, तर त्यांनी ती आंब्याच्या अढीवर पसरली. "ऊब चांगली आहे हो हिला."

पावसाळ्यात बाई गेल्या. सत्कार राहिला तो राहिलाच, आणि त्याची मला अजून हळहळ वाटते. आज पुन्हा पदवीदान आहे. पाहुणे आलेत, प्राचार्यांचा तिसरा फोन आलाय, राजापूरच्या गाडीचा पत्ता नाही. मी पायरीवर बसलोय. पायरी उन्हाने तापलीय, बाईंचा भयंकर राग येतोय. शेजारी त्यांच्यापुरती जागा तेवढी सोडलीय.